एक चूक, दोन सुनावण्या : रॅडोंडा वॉट प्रकरणातला परवान्याचा बचाव

रॅडोंडा वॉट हे नाव जगभरातल्या नर्सेसना माहीत झालं ते फौजदारी खटल्यामुळे. चुकीचं औषध दिलं म्हणून अमेरिकेत एका नर्सला ज्युरीने गुन्हेगार ठरवलं, ही बातमी मार्च २०२२मध्ये सगळीकडे गेली. पण त्याच्या आठ महिने आधीच तिचं नर्स असणं संपलेलं होतं. टेनेसी राज्याच्या नर्सिंग बोर्डाने जुलै २०२१मध्ये तिचा परवाना रद्द केला होता. त्या सुनावणीविषयी फार कमी बोललं जातं. खरं तर हातून चूक झालेल्या नर्सवर फौजदारी खटला क्वचितच उभा राहतो; तिची गाठ पडते ती बोर्डाशी. म्हणून हे प्रकरण मी इथे बोर्डाच्या बाजूने मांडतो आहे. आरोप काय होते, बचाव कुठे भक्कम होता, कुठे उघडा पडला आणि अशा प्रकरणात नर्सच्या वकिलाने नेमकं कशावर बोट ठेवायला हवं, हे त्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याच प्रकरणात मला दिसलेलं नाही.

२६ डिसेंबर २०१७

जागा : नॅशव्हिलमधलं व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटर. डोक्यात रक्तस्राव झालेली ७५ वर्षांची एक बाई २४ डिसेंबरला दाखल झाली होती. प्रकृती सुधारत होती. २६ तारखेला पेट स्कॅन (PET, शरीराच्या आतलं चित्र घेणारी तपासणी) ठरला. बंद जागेत तिला घाबरायला व्हायचं, म्हणून स्कॅनपूर्वी शिरेतून थोडं व्हर्सेड द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलं. व्हर्सेड हे ब्रँडचं नाव, औषध मिडाझोलॅम. भीती घालवून गुंगी आणणारं.

वॉट त्या दिवशी न्यूरो आयसीयूत ‘हेल्प-ऑल’ नर्स होती. म्हणजे स्वतःच्या नावावर रुग्ण नाहीत, जिथे हात कमी पडेल तिथे धावायचं. सोबत एक नवी नर्स शिकत होती. त्या दोघींना इमर्जन्सी विभागात एका रुग्णाची गिळण्याची तपासणी करायला जायचं होतं. वाटेत रेडिओलॉजीत जाऊन त्या बाईंना औषध देशील का, असं त्या बाईंची जबाबदारी असलेल्या नर्सने विचारलं.

औषधं संगणकीकृत कपाटातून काढायची पद्धत होती. वॉटने रुग्णाच्या नावाखाली ‘व्ही’ आणि ‘ई’ ही इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं टाकली. औषध दिसलं नाही. फार्मसीने आदेश आधीच तपासून मंजूर केला होता, पण यादीत ते मिडाझोलॅम या नावाने होतं. तिने ओव्हरराइड दाबलं. आता रुग्णाच्या यादीऐवजी कपाटातली सगळी औषधं समोर आली. पुन्हा तीच दोन अक्षरं टाकली आणि पहिलं जे आलं ते निवडलं. ते होतं व्हेक्युरोनियम. भूल देताना स्नायू पूर्ण लुळे करण्यासाठी हे औषध वापरतात. ते दिल्यावर माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही, व्हेंटिलेटर लागतो. आणि त्याने शुद्ध हरपत नाही.

घड्याळात २ वाजून ५९ मिनिटं झाली होती. पुढची एक गोष्ट सगळ्या खटल्यात पुन्हा पुन्हा आली. मिडाझोलॅम द्रवरूपात येतं, थेट सिरिंजमध्ये ओढता येतं. व्हेक्युरोनियम पावडर असते, त्यात द्रव मिसळावा लागतो. वॉटने ती व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, हातात घेतली, उलटी फिरवली, किती द्रव मिसळायचा हे मागच्या बाजूला वाचलं आणि मिसळलं. पुढच्या बाजूचं नाव वाचलं नाही. टोपणावर ‘सावधान : पॅरालायझिंग एजंट’ असं छापलेलं होतं. त्या सगळ्या वेळात ती शिकाऊ नर्सशी गिळण्याच्या तपासणीबद्दल बोलत होती, हे तिने नंतर स्वतः सांगितलं.

औषध बरोबर आहे का हे पडताळणारा बारकोड स्कॅनर रेडिओलॉजीत नव्हता. तिने औषध दिलं आणि ती पुढच्या कामाला निघून गेली. सुमारे अर्ध्या तासाने बाई श्वास घेत नसल्याचं लक्षात आलं. हृदय पुन्हा सुरू झालं, पण मेंदू गेला होता. २७ डिसेंबरला पहाटे मृत्यू झाला.

उरलेली व्हायल आणि सिरिंज वॉटने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या बाईंच्या नर्सकडे दिल्या होत्या. रुग्णाला वाचवण्याची धावपळ झाल्यावर त्या नर्सने पिशवी बघून विचारलं, तू हेच दिलंस का? वॉट हो म्हणाली. ती नर्स म्हणाली, हे व्हर्सेड नाही, हे व्हेक्युरोनियम आहे. वॉटने तिथल्या तिथे डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्या क्षणापासून शेवटपर्यंत तिने एकदाही नाकारलं नाही, टाळाटाळ केली नाही, दुसऱ्या कुणाचं नाव पुढे केलं नाही. बचावाच्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि सगळ्यात धोक्याचीही हीच. त्याकडे पुढे येतो.

बंद झालेली फाइल पुन्हा उघडते

जानेवारी २०१८मध्ये हॉस्पिटलने वॉटला कामावरून काढलं. कुटुंबाशी न्यायालयाबाहेर समझोता झाला, त्यात गोपनीयतेची अट होती. मृत्यूच्या दाखल्यावर डोक्यातला रक्तस्राव हे नैसर्गिक कारण लागलं. औषधाच्या चुकीची नोंद राज्याला कळवणं बंधनकारक असूनही हॉस्पिटलने कळवली नाही, असं नंतरच्या संघीय तपासणीत नमूद झालं. दाखला २०१९मध्ये दुरुस्त झाला आणि मृत्यू अपघाती ठरला.

निनावी तक्रार झाली. राज्याच्या आरोग्य खात्याने चौकशी केली आणि ऑक्टोबर २०१८मध्ये वॉटच्या परवान्याबाबत पुढे कारवाई करण्याजोगं काही नाही असं पत्र दिलं. इथे कुठल्याही नर्सने सुटकेचा श्वास सोडला असता. पण त्याच सुमारास सीएमएस, म्हणजे मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) पैसे देणारी संघीय यंत्रणा, हॉस्पिटलमध्ये अचानक तपासणीला आली. तिचा अहवाल नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला. हॉस्पिटलचे मेडिकेअरचे पैसे थांबण्याची वेळ आली, सुधारणेचा आराखडा द्यावा लागला, वर्तमानपत्रांत मथळे झाले. फेब्रुवारी २०१९मध्ये वॉटला अटक झाली. आणि सप्टेंबर २०१९मध्ये त्याच आरोग्य खात्याने आपला आधीचा निर्णय बाजूला ठेवून तिच्यावर बोर्डापुढे आरोप दाखल केले.

मधल्या काळात रुग्णाच्या मृत्यूविषयी मूलभूत असं काही नवं सापडलं नव्हतं. वॉटने पहिल्या दिवशीच सगळं सांगितलेलं होतं. बदललं होतं ते भोवतालचं वातावरण. हे मला अतिशय अन्यायाचं वाटतं. पण कायद्याच्या चौकटीत त्यावर थेट इलाज नाही. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हा घटनेतला बचाव परवान्याच्या कारवाईला लागू होत नाही, आणि ‘पुढे कारवाई नाही’ असं पत्र म्हणजे सुनावणीनंतरचा निकाल नव्हे. नर्सच्या वकिलाने अशीलाला हे त्याच दिवशी सांगायला हवं. पत्र जपून ठेवायचं, कागदपत्रं जपून ठेवायची, आणि प्रकरण मिटलं असं धरून कुठेही बोलायचं, लिहायचं नाही.

त्या पत्राचा उपयोग मात्र दुसऱ्या ठिकाणी होतो. परवाना ही अमेरिकन कायद्यात मालमत्तेसारखी गोष्ट मानली जाते. ती काढून घ्यायची तर नोटीस आणि सुनावणी हवी. जनतेला तातडीचा धोका असेल तर टेनेसीत बोर्ड सुनावणीआधीही परवाना निलंबित करू शकतं. वॉटचा परवाना घटनेनंतर साडेतीन वर्षं कागदोपत्री शाबूत होता. तिच्यापासून रुग्णांना एवढा धोका होता तर राज्य इतकी वर्षं थांबलं कसं, हा प्रश्न दंडाचं प्रमाण ठरवताना ठासून विचारण्याजोगा आहे. चूक झाली का, या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. परवाना कायमचा घ्यावा का, या प्रश्नाला आहे.

तीन आरोप, आणि प्रत्येकाचं वेगळं उत्तर

बोर्डाची सुनावणी साथीमुळे लांबली आणि २२ व २३ जुलै २०२१ला झाली. अशा सुनावणीत प्रशासकीय न्यायाधीश कायद्याचे मुद्दे सांभाळतो, निर्णय बोर्डाचे सदस्य घेतात. त्यात बहुतेक नर्सेसच असतात. पुराव्याचा निकष फौजदारी खटल्यासारखा ‘वाजवी शंकेपलीकडे’ नसतो. गोष्ट घडली असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त वाटली, की झालं. एवढ्या खालच्या पट्टीवर, आणि नर्सने स्वतः सगळं मान्य केलेलं असताना, ‘काही झालंच नाही’ हा बचाव उभाच राहत नाही. उभा राहतो तो बारकाव्यांवर.

आरोप तीन होते : व्यावसायिक गैरवर्तन, रुग्णाला काळजीची गरज असताना वाऱ्यावर सोडणं, आणि नोंदी नीट न ठेवणं. हे तीन एकाच घटनेतले असले तरी कायद्याच्या नजरेत तीन निराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकासाठी पुरावा निराळा आणि उत्तरही निराळं.

सगळ्यात दुबळा आरोप नोंदीचा. वॉटने औषध दिल्याची नोंद हाताने केली नाही, हे खरं. पण चूक लक्षात आल्यावर नोंद कशी करू असं तिने वरिष्ठांना विचारलं होतं, आणि नवी प्रणाली ती आपोआप घेईल असं तिला सांगण्यात आलं, असं तिचं म्हणणं होतं. जिने डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, तिने लपवण्यासाठी नोंद टाळली असं कुणी म्हणू शकत नाही. बोर्डापुढच्या प्रकरणांत नोंदीचा आरोप दिसायला किरकोळ असतो, पण त्याला अप्रामाणिकपणाचा वास चिकटतो, आणि अप्रामाणिकपणाला बोर्डं क्वचितच माफ करतात. म्हणून तो वेगळा काढून, त्याच्यापुरता स्वतंत्र साक्षीपुरावा देऊन खोडावा लागतो. ‘बाकी सगळं मान्य आहे, तर हेही असू दे’ असा सैलपणा इथे महागात पडतो.

दुसरा आरोप, रुग्णाला सोडून जाण्याचा. बाहेरून पाहणाऱ्याला हाच सगळ्यात दुखरा वाटतो : गुंगीचं औषध दिलं समजून ती निघून कशी गेली? मिडाझोलॅमनेही श्वास मंदावू शकतो. त्यामुळे तिच्या समजुतीप्रमाणे औषध बरोबर असतं तरी देखरेख हवीच होती, असा राज्याचा मुद्दा होता, आणि तो जोरकस आहे. बचावासाठी इथे सीएमएसचा अहवालच कामाला येतो. औषध दिल्यानंतर रुग्णावर कशी आणि किती वेळाने देखरेख करायची याचा तपशील हॉस्पिटलच्या औषधविषयक धोरणात नव्हता, असं त्या अहवालात म्हटलं आहे. धोरण नसणं म्हणजे नर्सची जबाबदारी संपली असं होत नाही. व्यावसायिक समज धोरणाच्या आधीची असते. पण जिथे संस्थेनेच पट्टी आखून दिली नाही, तिथे त्या पट्टीपासून ढळण्याला वाऱ्यावर सोडणं म्हणायचं की निर्णयातली चूक, हा प्रश्न खरा आहे. इथे तज्ज्ञ साक्षीदार हवा. रेडिओलॉजीत काम केलेली अनुभवी नर्स, जी सांगू शकेल की अशा वेळी तिथे प्रत्यक्षात काय चालायचं.

पहिला आरोप मात्र डोंगराएवढा. गैरवर्तनात सगळं येतं : ओव्हरराइड, न वाचलेलं नाव, दुर्लक्षिलेला इशारा, पावडर पाहूनही मनात न उठलेली शंका.

वॉटच्या बाजूचा मुख्य सूर असा होता की हॉस्पिटलमध्ये ओव्हरराइड हा अपवाद राहिलेला नव्हता. नोव्हेंबर २०१७मध्ये हॉस्पिटलने इलेक्ट्रॉनिक नोंदींची नवी प्रणाली सुरू केली होती, कपाट आणि फार्मसी यांचा मेळ बसत नव्हता, औषधं मिळायला वेळ लागायचा. सलाइनची पिशवी काढायलासुद्धा ओव्हरराइड करावं लागे, असं तिने बोर्डाला सांगितलं. हा मुद्दा खरा आहे, आणि औषधसुरक्षेचं काम करणाऱ्या लोकांनी तो उचलूनही धरला. दोन अक्षरांवर औषध शोधू देणारं कपाट ही आपत्तीला दिलेली उघडी वाटच होती. अमेरिकेतल्या औषधसुरक्षा संस्थेने, आयएसएमपीने, कमीत कमी पाच अक्षरं टाकल्याशिवाय शोध होऊ नये अशी शिफारस केलेली आहे.

पण माझ्या मते याच ठिकाणी बचावाचा तोल गेला. यंत्रणेचा दोष हे ओव्हरराइडचं उत्तर आहे. नाव न वाचण्याचं ते उत्तर नाही. ओव्हरराइड सगळे करत होते, हे सिद्ध झालं तरी बोर्डावरची नर्स मनात विचारते : ठीक आहे, कपाटाने चुकीची व्हायल दिली, पण हातात आल्यावर तू ती वाचली का नाहीस? पावडर मिसळताना थबकली का नाहीस? योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा हे ज्यांनी पहिल्या वर्षापासून घोकलं, त्यांच्यापुढे हा प्रश्न टाळून चालत नाही. प्रणालीचा मुद्दा जितका मोठ्याने मांडाल तितकं हे मौन जास्त ऐकू येतं.

त्याचं उत्तर दुसऱ्या शास्त्रात आहे. सवयीचं काम करताना माणूस वाचत नाही, अपेक्षेप्रमाणे पाहतो. एकदा ‘हे व्हर्सेडच’ असं मनाने ठरवलं की डोळे पुढची माहिती त्या चौकटीत बसवतात. पावडर दिसली तर ‘आज वेगळं पॅकिंग आलंय’ असंही मन सांगतं. त्यात संभाषण चालू, ठरावीक रुग्ण नाही, अनोळखी विभाग, स्कॅनर नाही. मानवी चुकांचा अभ्यास करणारा तज्ज्ञ हे टप्प्याटप्प्याने मांडू शकतो, आणि तेव्हा ‘तिने वाचलं नाही’ हे वाक्य ‘ती बेपर्वा होती’ या वाक्यापासून वेगळं होतं. आरोग्यसेवेत ज्याला जस्ट कल्चर म्हणतात, त्या डेव्हिड मार्क्स यांनी मांडलेल्या विचारात हीच विभागणी आहे : साधी मानवी चूक असेल तर धीर द्या, धोक्याची सवय जडली असेल तर शिकवा, जाणूनबुजून धोका पत्करला असेल तर शिस्तीची कारवाई करा. वॉटचं ओव्हरराइड दुसऱ्या खान्यात पडतं, न वाचणं पहिल्या आणि दुसऱ्याच्या सीमेवर. तिसऱ्या खान्यात काही पडत असेल तर ते सिद्ध करण्याचं ओझं राज्यावर आहे, हे बचावाने बोर्डाला शांतपणे दाखवायला हवं.

बोर्डाने दोन दिवसांच्या सुनावणीनंतर एकमताने तिन्ही आरोप मान्य केले. परवाना रद्द. ३,००० डॉलर दंड. शिवाय सुनावणीचा खर्च ६०,००० डॉलरपर्यंत. नोकरी गेलेल्या माणसाला हा शेवटचा आकडा काय असेल, याचा विचार करा. नर्सेससाठी स्वतःच्या नावाने घेतलेला व्यावसायिक विमा किती गरजेचा, ते इथे कळतं. हॉस्पिटलच्या विम्याचं पहिलं काम हॉस्पिटलला वाचवणं. नर्सच्या परवान्याच्या सुनावणीसाठी वकील देणं हे त्यात सहसा नसतं. बोर्डापुढचा वकिलाचा खर्च देणारं कलम आपल्या पॉलिसीत आहे का, हे चूक घडण्याआधी बघून ठेवायचं असतं.

खरं बोलण्याची किंमत

आता मघाशी सोडलेल्या गोष्टीकडे. बोर्डापुढे वॉटने साक्ष दिली. ती रुग्ण आज नाही ती माझ्यामुळे, अशा अर्थाचं ती रडत बोलली. बोलण्यात गुंतले होते, कामात सैल पडले होते, हेही तिने कबूल केलं. बोर्डापुढे पश्चात्ताप आणि स्वतःच्या चुकीची जाण यांना मोठं वजन असतं, कारण बोर्डाचं खरं काम शिक्षा देणं नसून ही नर्स पुढे रुग्णांसाठी सुरक्षित आहे का हे ठरवणं आहे. चूक न कळलेली नर्स पुन्हा तीच चूक करेल असं बोर्ड धरून चालतं.

पण तेव्हा फौजदारी खटला डोक्यावर टांगलेला होता. एका दालनात जी कबुली तिला वाचवू शकते तीच दुसऱ्या दालनात फास होऊ शकते. फौजदारी बाजूला तर ती आधीच राज्याच्या तपास अधिकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलली होती, आणि ते ध्वनिमुद्रण पुढे ज्युरीला ऐकवलं गेलं.

गप्प बसावं तरी अडचणच. फौजदारी खटल्यात आरोपीच्या मौनाचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावता येत नाही. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६च्या बॅक्स्टर विरुद्ध पाल्मिजियानो खटल्यात म्हटलं की फौजदारी नसलेल्या कारवाईत मौनाचा प्रतिकूल अर्थ काढायला घटनेची आडकाठी नाही. म्हणजे बोर्डापुढे गप्प राहिलात तर परवाना जाण्याची शक्यता वाढते, बोललात तर स्वातंत्र्य जाण्याची. कुठलीही नर्स एकटीने या कात्रीतून वाट काढू शकत नाही. अनुभवी वकील इथे आधी वेळ मागतो : फौजदारी खटला संपेपर्यंत बोर्डाची सुनावणी थांबवा. हवं तर तोवर परवाना स्वखुशीने निष्क्रिय ठेवतो, रुग्णांना धोका नाही, राज्याचं काही बिघडत नाही. बोर्ड ऐकेलच असं नाही, पण मागणी नोंदीवर राहते आणि अपिलात कामाला येते. सुनावणी झालीच तर बोलायचं ते पुढच्या बदलाबद्दल जास्त आणि त्या अर्ध्या तासाच्या तपशिलाबद्दल कमी. कोणते अभ्यासक्रम केले, देखरेखीखाली काम करायची तयारी आहे का, कोणत्या विभागात काम करणार नाही, कोणते वरिष्ठ लेखी द्यायला तयार आहेत.

याच वाटेवर समझोत्याचा आदेश नावाची चीज असते. नर्स आणि राज्य यांच्यात अटी ठरतात, बोर्ड त्यावर शिक्का मारतं, सुनावणी टळते. ताकीद, काही वर्षांची प्रोबेशन (देखरेखीखालचा काळ), ठरावीक काळ निलंबन असे टप्पे त्यात असू शकतात. मृत्यू झालेला असताना राज्य हलकं काही द्यायला तयार नसतं, हे खरं. तरीही त्या मसुद्यातला शब्दन्‌शब्द वकिलाने वाचायला हवा. आदेश जाहीर असतो, राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदीत जातो, दुसऱ्या राज्यातलं बोर्ड तो वाचतं. ‘औषध देताना चूक’ आणि ‘रुग्णाला वाऱ्यावर सोडलं’ या दोन नोंदींत पुढच्या नोकरीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाईत सही केलेल्या नर्सेसचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

खटला आणि त्यानंतर

फौजदारी खटल्याचं थोडक्यात. मार्च २०२२मध्ये तो नॅशव्हिलला चालला. वकील पीटर स्ट्रायान्स यांनी हॉस्पिटलने वॉटला बळीचा बकरा केलं असं मांडलं. सरकारी पक्षाने न वाचलेल्या इशाऱ्यांची यादी वाचली. २५ मार्चला ज्युरीने बेपर्वाईने मृत्यू घडवल्याचा मूळ आरोप नाकारला, पण त्याखालचा, गंभीर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा, मान्य केला. त्याबरोबर असहाय प्रौढ व्यक्तीची घोर हेळसांड हाही. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने लगेच इशारा दिला की शिक्षेच्या भीतीने लोक चुका सांगणं बंद करतील. १३ मे २०२२ला शेकडो नर्सेस न्यायालयाबाहेर जमल्या होत्या. न्यायाधीश जेनिफर स्मिथ यांनी तुरुंग न देता तीन वर्षांची प्रोबेशन दिली. ती नीट पार पडली तर दोषारोप नोंदीतून पुसता येईल, अशा तरतुदीखाली.

ज्युरीच्या त्या भेदाकडे मी वारंवार परत येतो. मृत्यूच्या आरोपापुरतं १२ सामान्य नागरिकांनी म्हटलं की हिने धोका ओळखून झिडकारला, हे वाजवी शंकेपलीकडच्या कडक निकषावर सिद्ध झालं नाही. तो ओळखायला हवा होता, तिने ओळखला नाही. जस्ट कल्चरच्या भाषेत, त्या आरोपापुरतं तिसरं खानं ज्युरीने रिकामं ठेवलं. बोर्डाने आठ महिने आधी असा भेद करण्याची गरज मानली नाही. गैरवर्तन या शब्दात सगळं बसत होतं. आणि तिथे, बहुतेक नर्सेसच असलेल्या बोर्डापुढे, त्यांच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असलेला हा फरक बचावाने आग्रहाने मांडायला हवा होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. परवाना निलंबित करून, मोठ्या देखरेखीच्या अटींवर परत देणं हा मधला मार्ग उपलब्ध होता. रुग्णाच्या कुटुंबाचं दुःख त्याने कमी झालं नसतं, पण परवाना रद्द करूनही ते झालं नाही.

या प्रकरणानंतर केंटकी राज्याने २०२४मध्ये कायदा केला. आरोग्यसेवा देताना झालेल्या चुकीसाठी, घोर निष्काळजीपणा किंवा हेतुपुरस्सर गैरवर्तन नसेल तर, फौजदारी कारवाई होणार नाही. इतर राज्यांतल्या नर्सेसच्या संघटना तसाच कायदा मागत आहेत, आणि त्यांनी तो मागावाच. पण त्या कायद्याची व्याप्ती तिथेच संपते. बोर्डाचे अधिकार त्याने तसूभरही कमी होत नाहीत. केंटकीतल्या नर्सला उद्या अशीच नोटीस आली तर तिच्यापुढे तेच बोर्ड, पुराव्याची तीच खालची पट्टी आणि गैरवर्तनाची तीच ऐसपैस व्याख्या असेल; आणि उत्तर द्यायला नोटिशीत लिहिली असेल तेवढ्याच दिवसांची मुदत.